मोटारीचा कंठ

मोटारीच्या इतिहासावर जीं पुस्तकें आहेत त्यांत वेगाचें वर्णन पुष्कळ आढळतें, आवाजाचें थोडें. वेग मोजतां येतो, त्याचे विक्रम नोंदवितां येतात. आवाज मात्र ऐकणाराबरोबर नाहींसा होतो, व म्हणूनच इतिहासकार त्याची उपेक्षा करीत असावेत. तथापि मनुष्य मोटारीवर पैसा कशासाठीं खर्च करितो याचा ज्यास शोध घ्यावयाचा असेल, त्यानें एका चमत्कारिक व्यवहाराकडे अवश्य लक्ष द्यावें. एखादा श्रीमंत गृहस्थ कोट्यवधि रुपये मोजून इटालियन किंवा जर्मन बनावटीची, शर्यतीच्या धाटणीची मोटार घेतो. वेग, रूप व सुखसोयी यांत तिला कांहीं कमी नसतें. असें असूनहि ती दारांत आल्यावर थोड्याच दिवसांत तो तिची धुराची नळी व सायलेन्सर काढवितो आणि त्यांच्या जागीं दुसरीं बसवितो. कारण विचारल्यास उत्तर एवढेंच मिळतें कीं, आवाज हवा तसा नव्हता.

आम्हांस प्रथम हा केवळ श्रीमंतीचा चाळा वाटला. परंतु थोडें मागें जाऊन पाहिल्यावर असें दिसून आलें कीं, हा हव्यास मोटारीइतकाच जुना आहे. त्यामागें शास्त्र आहे, कलाहि आहे, आणि शेजाऱ्याशीं चालत आलेला शंभर वर्षांहून जुना तंटा आहे. त्या तंट्याची हकीकत वाचकांपुढें मांडावी व त्यांतून कांहीं निर्णय निघतो काय तें पाहावें, एवढाच या लेखाचा उद्देश.

इंजिनाच्या सिलिंडरांत पेट्रोल व हवा यांच्या मिश्रणाचा स्फोट झाला म्हणजे दट्ट्या खालीं रेटला जातो. त्याचें काम संपत येतां धूर बाहेर सोडणारी झडप उघडते. पण त्या क्षणीं आंतील वायूचा दाब बाहेरच्या हवेहून पुष्कळच अधिक असतो. तो वायु नळींत एकदम उसळतो व मिनिटाला हजारों वेळां हाच प्रकार घडतो. हा मारा मोकळा सोडला तर बंदुकांच्या फैरींसारखा आवाज होतो. तो कोंडण्याची युक्ति फार लवकर निघाली. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत कोलंबस या गांवच्या रीव्ह्ज बंधूंनीं १८९७ सालीं इंजिनाच्या सायलेन्सरचें पेटंट मिळविलें. तेव्हां मोटार नांवाची वस्तु बहुतेक लोकांनीं पाहिलीहि नव्हती. पण तिचें तोंड बंद करण्याचें साधन तयार होतें!

या साधनांत एक दोष होता. आंतील आडपडद्यांना आदळत, वळणें घेत जाणारा वायु लवकर बाहेर पडेना, व इंजिनाचें कांहीं बळ त्यास बाहेर ढकलण्यांतच खर्च होऊं लागलें. म्हणून मोटारवाल्यांनीं दुसरी युक्ति काढली. सायलेन्सरच्या अलीकडेच नळीला एक झडप ठेवावयाची व ती पायाखालच्या कळीनें उघडावयाची. गांवांत झडप बंद, गांवाबाहेर उघडी. चढ चढतांना तिचा उपयोग होई हें खरें. पण जो चढ नव्हता तेथेंहि ती उघडी राहूं लागली, कारण उघड्या नळीचा गडगडाट कित्येकांस स्वतःच्या पराक्रमासारखा वाटे. पुढें अनेक देशांतील कायद्यांनीं ही झडप सार्वजनिक रस्त्यांवर बंद पाडली. वाचकांनीं ही झडप लक्षांत ठेवावी. ती पुढें पुन्हां भेटणार आहे.

तंट्याचें दुसरें प्रकरण इंग्लंडांत घडलें. सरे परगण्यांत वेब्रिज गांवाजवळ ह्यू लॉक किंग या जमीनदारानें आपल्या जमिनीवर ब्रुकलंड्स नांवाचा शर्यतीचा मार्ग बांधला व तो १९०७ च्या जूनमध्यें खुला झाला. मुद्दाम मोटारींच्या शर्यतींसाठीं बांधलेला असा उतरत्या कडांचा मार्ग जगांत पूर्वी कोठें नव्हता. त्याच महिन्यांत सेल्विन एज यानें तेथें आपली नेपियर मोटार चोवीस तास अखंड पळविली. मोटारीचें कौतुक झालें. पण त्या रात्रीं ज्यांचा डोळ्यास डोळा लागला नाहीं त्या रहिवाशांनीं तक्रारी केल्या, आणि रात्रीचें धांवणें बंद झालें. या बंदीचा परिणाम फार दिवस टिकला. १९२९ सालीं तेथें चोवीस तासांची शर्यत योजतांना ती बारा बारा तासांच्या दोन भागांत घ्यावी लागली व मधल्या रात्रीं मोटारी कुलुपांत ठेवाव्या लागल्या.

तक्रारी दिवसाच्याहि होत्याच. त्या कोर्टापर्यंत गेल्या, व पुढें ब्रुकलंड्स येथें धांवणाऱ्या मोटारींस ठराविक प्रकारचा सायलेन्सर सक्तीचा झाला. धूर प्रथम एका मोठ्या डब्यांत पसरावा व मग माशाच्या शेपटीसारख्या चपट्या तोंडांतून बाहेर पडावा, अशी त्याची रचना होती. पुढें जें घडलें तें मनुष्यस्वभावाच्या अभ्यासकानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. शेजाऱ्यांच्या समाधानासाठीं लादलेला हा डबा शर्यतीच्या मोटारींवर दिसूं लागतांच तरुणांस तो शर्यतीचेंच चिन्ह वाटला, आणि ज्यांनीं ब्रुकलंड्सचें तोंडहि पाहिलें नव्हतें ते आपल्या साध्या मोटारींस माशाची शेपटी लावून फिरूं लागले. गप्प बसविण्यासाठीं दिलेली शिक्षा अशा रीतीनें अलंकार झाली.

येथपर्यंत आवाज म्हणजे मोठा किंवा लहान एवढाच विचार होता. तो चांगला किंवा वाईट असतो, हा विचार मागाहून रूढ झाला; आणि त्यासाठीं थोडें शास्त्र सांगणें अवश्य आहे. चार फेऱ्यांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरांत दोन फेऱ्यांस एक स्फोट होतो. त्यावरून हिशेब केल्यास, आठ सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ६,००० फेऱ्यांनीं फिरतांना सेकंदास ४०० स्फोट होतात. बारा सिलिंडरांच्या इंजिनांत ६००. तेंच बारा सिलिंडरांचें इंजिन ४,४०० फेऱ्यांवर असेल तर स्फोटांची संख्या सेकंदास बरोबर ४४० होते, व आमच्या पेटीवाल्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर मोटार पांढरी सहाच्या सुरांत लागते. १९४७ सालीं एन्झो फेरारी यानें आपल्या नांवाची पहिली मोटार बाहेर काढली, तींत जोआकिनो कोलंबो यानें अवघ्या दीड लिटरचें, पण बारा सिलिंडरांचें इंजिन बसविलें होतें. त्या मोटारींच्या आवाजास लोक गाणें म्हणूं लागले, तें कांहीं केवळ भक्तीनें नव्हे.

परंतु सुराची उंची म्हणजे सर्व कांहीं नव्हे. तंबोऱ्याच्या तारा जुळल्या तरी जवारी लागल्यावांचून तो बोलत नाहीं. घोडीवरचा सुताचा धागा केसभर सरकला कीं त्याच तारेंतून निराळे स्वर उमटतात. मोटारीच्या नळीचेंहि तसेंच आहे. आठ सिलिंडर चार-चारांच्या दोन ओळींत असतात. नेहमींच्या अमेरिकन रचनेंत प्रत्येक ओळींतील स्फोटांमधलें अंतर कमीजास्त असतें, म्हणून त्यांतून घुमणारा, अडखळता आवाज निघतो. फेरारीच्या रचनेंत डावीउजवी ओळ पाळीपाळीनें पेट घेते, म्हणून आवाज एकसारखा व तीक्ष्ण होतो. दोन ओळींच्या नळ्या मध्यें एकमेकींस जोडल्या कीं दोन्हीकडील ठोके मिसळतात व सूर अधिक सलग होतो. नळीची लांबी, तिचा व्यास, पत्र्याची जाडी, तो पोलादाचा कीं टायटॅनियमचा, या प्रत्येकाचा परिणाम कानास कळतो.

शिवाय नळी केवळ मोकळी केल्यानें काम भागत नाहीं. वायूचा ठोका उघड्या टोकाशीं पोंचला कीं त्याची उलट लाट, विरळ हवेच्या रूपानें, मागें फिरते. ती झडप मिटण्यापूर्वी सिलिंडराशीं पोंचेल अशी नळीची लांबी राखली तर उरलासुरला धूर ओढला जातो व इंजिनास बळ येतें. लांबी चुकली तर मोठा आवाज करणारी मोटार पूर्वीपेक्षां अशक्त होते. अशा कर्कश व दुबळ्या मोटारी जगांत थोड्या नाहींत.

हें ज्ञान दुकानांत आणून विकण्याचें श्रेय बव्हंशीं कार्लो आबार्थ यास दिलें पाहिजे. हा १९०८ सालीं व्हिएन्ना येथें जन्मला. तरुणपणीं मोटारसायकलींच्या शर्यतींत नांव मिळवून पुढें इटलींत स्थायिक झाला, व १९४९ सालीं त्यानें आपली कंपनी काढली. शर्यतीच्या मोटारी बनविण्याचा त्याचा मनोदय होता, पण त्यास पैसा हवा होता. तो त्यानें फियाट कंपनीच्या लहान मोटारींसाठीं सायलेन्सर विकून उभा केला. काळ्या रंगाचा डबा व त्यांतून निघालेलीं चकचकीत तोंडें ही त्याची खूण. हा व्यापार लवकरच फेरारी व पोर्शे यांसारख्या भारी मोटारींपर्यंत गेला. त्यानें विकलें तें थोडें बळ आणि पुष्कळसा स्वर. कारकुनास आपल्या चिमुकल्या मोटारींत शर्यतीचा भास मिळाला, आणि धनिकास आपल्या शर्यतीच्या मोटारीचा आवाज आपल्या आवडीचा करून मिळाला.

यानंतर कारखान्यांनींच ही कला हातीं घेतली. कायद्याची मर्यादा आकुंचित होत होती. युरोपांत २०१४ च्या नियमानें साधारण प्रवासी मोटारीस साडेसात मीटर अंतरावरून मोजलेल्या आवाजाची मर्यादा २०१६ पासून ७२, २०२० पासून ७० व २०२४ पासून ६८ डेसिबेल अशी नव्या नमुन्यांसाठीं ठरविली. अति बलवान मोटारींस थोडी सवलत ठेविली. ७२ वरून ६८ हा फरक दिसावयास लहान, पण ध्वनीची शक्ति त्यानें अडीचपट घटते. अशा स्थितींत जुनी झडप परत आली. १९९४ च्या फेरारी एफ ३५५ या मोटारींत धुरास सायलेन्सर टाळून जाण्याची वाट होती, व तिच्या तोंडाशीं आपोआप उघडणारी झडप होती. जपानच्या लेक्सस एलएफए मोटारीची कथा आणखी मनोरंजक आहे. २०१० ते २०१२ या काळांत ती अवघी ५०० निघाली. तिच्या आवाजाच्या घडणींत यामाहा या वाद्यें बनविणाऱ्या संस्थेचे ध्वनितज्ज्ञ होते. पेटी घडविणारा कान मोटारीस मिळाला.

इतकें असूनहि धनिक नळी बदलतोच, आणि बदलल्यावर त्यास एक अडचण येते. ठराविक वेगानें लांबचा प्रवास करतांना मोटारींत एक कंटाळवाणी घुमारी भरून राहते व डोकें उठतें. तिच्यावर उपाय म्हणजे नळीस एक बंद टोकाची आडनळी जोडणें. तींत गेलेली लाट परत येऊन मूळ लाटेस मारते. ज्यानें मोठ्या हौसेनें आवाज विकत घेतला त्यासच तो आवरण्यासाठीं पुन्हां पैसे द्यावे लागतात, हें पाहून आम्हांस वेब्रिजच्या रहिवाशांची आठवण होते. त्यांचें दुःख येथें मालकासच भोगावें लागतें. भेद एवढाच कीं तो कारागिराकडे जाऊं शकतो.

याच्या उलट टोकास दुसरा प्रकार आहे. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम ५ मोटारींत इंजिनाचा आवाज ध्वनिक्षेपकांतून बसणारास ऐकविण्याची योजना होती, कारण खऱ्या इंजिनाचा आवाज आंतपर्यंत पुरेसा येत नव्हता. विजेच्या मोटारीस तर धूरच नाहीं. म्हणून पादचाऱ्यांच्या रक्षणासाठीं युरोपांत जुलै २०१९ पासून अशा नव्या नमुन्यांस सावकाश जातांना कृत्रिम आवाज करणें सक्तीचें झालें. जो कायदा शंभर वर्षें मोटारीस गप्प राहा म्हणत होता, तोच आतां बोल म्हणतो! पादचाऱ्यास सावध करणारा आवाज आम्हांस मान्य आहे. पण चालकाच्या सुखासाठीं वाजविलेला इंजिनाचा आवाज आम्हांस पोकळ वाटतो. इंजिनाचा आवाज हा त्याच्या श्रमाचा उद्गार आहे; श्रम एकीकडे व उद्गार दुसरीकडे झाला कीं त्यांतील सत्य जातें. या दृष्टीनें पाहतां, नळी बदलून खरा आवाज ऐकूं पाहणारा गृहस्थ त्या ध्वनिक्षेपकापेक्षां सत्यास अधिक जवळ आहे, असें आम्हीं म्हणतों. त्याच्या हौशीस हंसण्याचा आमचा पहिला विचार आम्हीं येथें मागें घेतों.

परंतु सत्याचें मोल दुसऱ्यानें कां द्यावें? गवयाच्या बैठकीस जो येतो तो आपखुषीनें येतो. मैफल न रुचल्यास उठूनहि जातो. रस्त्याच्या कडेच्या घरांत निजलेल्या आजाऱ्यास ती मोकळीक नसते. म्हणून २०२२ सालीं पॅरिस शहरानें गोंगाट करणारीं वाहनें ओळखणारें यंत्र रस्त्यावर उभें केलें. म्हणून आमच्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक मोटारीस सायलेन्सर अवश्य करतो, आणि महाराष्ट्रांतील पोलिसांनीं जप्त केलेले बदलेले सायलेन्सर रोलरखालीं चिरडल्याचीं दृश्यें लोकांनीं पाहिलीं आहेत. ते बहुतेक मोटारसायकलींचे होते. कोट्यवधींच्या मोटारीची झडप परीक्षेच्या वेळीं मिटते व मागाहून उघडते. तरुणाच्या दुचाकीची नळी सदाच उघडी, म्हणून ती रोलरखालीं जाते. हा पंक्तिप्रपंच आम्हांस खटकतो. आणि तो दूर करावयाचा तर कायद्यानें नळीकडे न पाहतां रस्त्यावर प्रत्यक्ष होणाऱ्या आवाजाकडेच पाहिलें पाहिजे.

या सव्वाशें वर्षांत नळीसंबंधीं ज्या युक्त्या निघाल्या त्यांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती ती क्षुद्र झडपच. टायटॅनियम श्रीमंतास मिळतें. कान तयार करणारे जपानी तज्ज्ञ थोड्यांच्याच वाट्यास येतात. पण गांव आलें कीं झडप मिटावी व मोकळें रान लागलें कीं उघडावी, हें पहिल्या मोटारवाल्यास पायाखालच्या कळीनें करतां येत होतें. त्यानें तें केलें नाहीं, म्हणून कायदा आला. आजच्या मालकाच्या बोटाखालीं तीच कळ आहे. रात्रीं उशिरां घराच्या गल्लींत वळतांना तो ती दाबतो कीं नाहीं, एवढ्यावर त्याच्या आवाजास गाणें म्हणावें कीं गोंगाट, हें त्याचे शेजारी ठरवितील. आणि तो निकाल आम्हीं मान्य करूं.