वेबर्न, रंगीत कार्बन आणि उणा कवी

आपल्यातले काही दोस्त म्हणतात, काँक्रीट कविता म्हणजे पोट भरलेल्यांचा अक्षरांचा खेळ. पानभर शब्द विखुरले की झाली कविता! मी साळखात्यातला माणूस. मला हा निकाल घाईचा वाटतो. खेळ कुणी मांडला, कशातून मांडला, ते तरी बघू या.

गाव साओ पाउलो, देश ब्राझील. १९५२ साली ऑगुस्तो दि काम्पोस, त्याचा भाऊ आरोल्दो आणि देसियो पिन्यातारी या तिघांनी 'नोइगांद्रेस' नावाचं छोटं नियतकालिक काढलं. पुढच्याच वर्षी बाविशीतल्या ऑगुस्तोनं सहा कविता रचल्या. नाव 'पोएतामेनोस', म्हणजे उणा कवी. प्रेमकविताच त्या. पण शब्द फोडलेले, तुकडे दूरदूर टाकलेले, आणि रंग वेगवेगळे. एक रंग म्हणजे एक आवाज. या कविता अनेक गळ्यांनी मिळून वाचायच्या.

हे त्याला सुचलं आंतोन वेबर्न या व्हिएन्नाच्या संगीतकारामुळं. वेबर्न सुरांची एक ओळ एकाच वाद्याला देत नाही. दोन सूर ट्रॉम्बोनवर, पुढचे हॉर्नवर, मग ट्रंपेट, मग हार्प. मधे शांतता, तीही मोजून. आमच्या साच्यावर आडवा धागा रंग बदलत जातो आणि कापड मात्र एकच विणलं जातं, तसंच हे. बाखची अठराव्या शतकातली एक रचना त्यानं १९३५ साली अशीच वाद्यावाद्यांत वाटून दिली. आणि माणूस काटकसरी किती! चार तंतुवाद्यांसाठीचे त्याचे सहा तुकडे मिळून चारेक मिनिटांत आटोपतात. ऑगुस्तोच्या पानावरची कोरी जागा म्हणजे वेबर्नची ती शांतता.

हाच वेबर्न १९२२ पासून व्हिएन्नात कामगारांच्या सिंफनी मैफली चालवत होता. कामकरी माणसांच्या गायनवृंदाला तो शिकवायचा. १९२६ साली मालरची अजस्र आठवी सिंफनी त्यानं कामगारांच्या मैफलीत उभी केली. कामगाराला हलकंफुलकं पुरे, असं तो म्हणाला नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत सरकारनं कामगारांच्या चाळींवर तोफा डागल्या, त्यांच्या पक्षावर बंदी घातली. मैफली संपल्या. १९३८ साली नाझी आले, त्यांनी वेबर्नचं संगीतच भ्रष्ट ठरवलं. आणि तरी युद्धाच्या सुरुवातीला याच्याच पत्रांत हिटलरचं कौतुक! याचा गुरू शोनबर्ग ज्यू, १९३३ पासून परागंदा. हे मी गिळत नाही, तुम्हीही गिळू नका. १५ सप्टेंबर १९४५ ला, युद्ध संपल्यावर, एका अमेरिकन सैनिकाच्या गोळीनं वेबर्न मेला.

माणूस असा दुभंगलेला. पण वाटून गायची त्याची रीत ऑगुस्तोनं उचलली, आणि ती कागदावर आणायला त्याच्याकडं होतं काय? टाइपरायटर आणि रंगीत कार्बन. कार्बन बदलत बदलत त्यानं त्या कविता टाइप केल्या. 'नोइगांद्रेस'च्या दुसऱ्या अंकात त्या छापून आल्या १९५५ साली. त्याच वर्षी काही कविता रंगमंचावर अनेक आवाजांत म्हटल्या गेल्या.

ज्यांना हा नुसता खेळ वाटतो त्यांच्यासाठी आणखी एक. १९६० नंतर लगेचच्या वर्षांत याच ऑगुस्तोनं एक कविता केली. वरचा कागद पारदर्शक, त्यावर थोड्या ओळी. त्या ओळींच्या आरपार खालचं पान दिसतं. खालच्या पानावर एकच शब्द, पुन्हा पुन्हा, पानभर: संप.