गाळ कोणी काढायचा?

यंत्र संघटनेचं, डिझेल सरकारचं, वाहतूक शेतकऱ्याची. २०१८च्या उन्हाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या तलावांचा गाळ निघाला तो या वाटणीवर. ‘सुजलाम सुफलाम’ अभियानासाठी भारतीय जैन संघटनेने १३४ जेसीबी आणि पोकलेन जिल्ह्यात उतरवले. त्यांच्या डिझेलचा खर्च शासनाने उचलला आणि शेतकऱ्याने स्वतःच्या नाहीतर भाड्याच्या ट्रॅक्टरने गाळ रानात नेऊन टाकला. पाऊस पडेपर्यंतचीच मुदत. एकदा तलावात पाणी आलं की पोकलेनला तिथे काम उरत नाही.

त्याआधी अडीच वर्षं, सप्टेंबर २०१५मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी २०३०पर्यंतची १७ शाश्वत विकास ध्येयं मंजूर केली होती. सहावं ध्येय पाण्याचं, दुसरं भुकेचं, तेरावं हवामानाचं, पंधरावं जमिनीचं. एका पाझर तलावातला गाळ काढला की यातल्या चारांना हात लागतो. सतरावं ध्येय भागीदारीचं. शासन, संस्था आणि लोक यांनी मिळून काम करावं असं ते सांगतं, आणि त्याचा बुलढाण्याच्या त्या तीन वाट्यांइतका रोखठोक अर्थ क्वचितच कुठे लागला असेल. नीती आयोगाने राज्यांना या ध्येयांवर गुण देणारा पहिला निर्देशांक काढला डिसेंबर २०१८मध्ये. म्हणजे गुणपत्रिका हातात आली तोवर बुलढाण्यातल्या गाळावर एक खरीप निघून गेला होता.

तिन्ही वाट्यांची कुळी मात्र वेगवेगळी आहे.

सगळ्यात जुना वाटा शेतकऱ्याचा. याच जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थानासाठी माणसं जातात, पण गावाबाहेरचा मोती तलाव आणि चांदणी तलावही सवडीने पाहण्यासारखे आहेत. जिजाऊंच्या माहेरच्या जाधवरावांच्या काळातली ही कामं. दगडी बांधाचा असा तलाव उभारायला सत्ता लागते, पैसा लागतो. तो राखण्याचं काम मात्र चिल्लर, दरसालचं आणि बिननावाचं. उन्हाळ्यात तळं आटलं की बैलगाडी आत घालायची, सुपीक गाळ भरायचा आणि बरड जमिनीवर पसरायचा, ही महाराष्ट्रभर चाललेली रीत. त्यात सेवा वगैरे काही नव्हतं. शेताला खत मिळायचं, तळं आपोआप खोल राहायचं. रासायनिक खताची गोणी दारात आली, घरातली बैलजोडी गेली आणि ही रीत मागे पडली. तलावाला कोणी वाली उरला नाही, हे गावाच्या लक्षात यायला मध्ये बरीच वर्षं गेली.

सरकारचा वाटा १९७२च्या दुष्काळाचा. रोजगार हमीच्या आणि दुष्काळी कामांवर राज्यभर लाखो माणसांनी खडी फोडली, माती वाहिली, पाझर तलाव बांधले. मजुरी देऊन तलाव बांधणं सरकारला जमलं. बांधलेला तलाव दहा-वीस वर्षांनी कोण साफ करणार, याचं उत्तर त्या कामांच्या अंदाजपत्रकात नव्हतं. ते यायला मे २०१७ उजाडावं लागलं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत २५० हेक्टरांपेक्षा कमी लाभक्षेत्राच्या आणि पाच वर्षांहून जुन्या तलावांना प्राधान्य मिळालं, वाळू उपसायला बंदी झाली आणि गाळ शेतकऱ्याने स्वखर्चाने न्यायचा असं ठरलं. बैलगाडीची जुनी रीतच सरकारी कागदावर परत आली होती. याच सुमारास महामार्गाच्या भरावासाठी तलाव-नाल्यांतली माती-मुरूम घ्यायचा आणि त्या बदल्यात ते खोल करून द्यायचे, असा सौदाही जिल्ह्यात झाला. ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने पुढे गाजला तो हा. त्याला सेवा म्हणू नये. चोख व्यवहार होता, आणि व्यवहार म्हणून चांगला होता.

तिसरा वाटा संघटनेचा, आणि त्याला दोन आजोळं आहेत.

एक घरचं. गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन वऱ्हाडातल्या गावांना लाजवलं. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून गुरुदेव सेवा मंडळाचं जाळं विणलं आणि पहाटेची ग्रामसफाई प्रार्थनेइतकीच नेमाची केली. खुद्द बुलढाणा जिल्ह्यात शेगावच्या गजानन महाराज संस्थानचे सेवेकरी आहेत. पाळीपाळीने येतात, झाडतात, वाढतात, भांडी घासतात आणि पगार न घेता घरी जातात. संस्थानच्या शिवशंकरभाऊ पाटलांनी ही शिस्त अशी बसवली की व्यवस्थापन शिकायचं तर शेगावला जा, असं लोक सहज बोलू लागले. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढली जाते. पंगती लाखांच्या, वाढणारे आजूबाजूच्या गावांतले. पंगतीतला ट्रॅक्टर आणि गाळाच्या खेपा मारणारा ट्रॅक्टर या मुलखात एकाच दारात उभे असतात.

दुसरं आजोळ शिकागोचं. गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ती तारीख २३ फेब्रुवारी १८७८. पॉल हॅरिस या वकिलाने शिकागोत तीन मित्रांसह रोटरीची पहिली बैठक घेतली ती २३ फेब्रुवारी १९०५. योगायोगात अर्थ शोधू नये, पण तारीख लक्षात ठेवायला बरी. १९२०मध्ये रोटरी कोलकात्यात आली, १९२९मध्ये मुंबईत. लायन्स क्लब १९५६मध्ये. मग रुळांच्या आणि बाजारपेठांच्या मागोमाग जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत. इथे सभासद झाले डॉक्टर, वकील, व्यापारी, जिनिंगवाले. सुरुवातीच्या कामांत नेत्रशिबिरं, वह्यावाटप आणि बसस्टँडवरच्या पाणपोया. यावर हसणं सोपं आहे. पण रोटरीच्या याच क्लबांनी १९८५मध्ये पोलिओचा विषय हाती घेतला आणि तो सोडला नाही. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. एकच उद्दिष्ट धरून तीस वर्षं बसायचं, हिशेब ठेवायचा, जगभरातून पैसा गोळा करायचा. सेवेकऱ्यांकडे निष्ठा होती, ही कारकुनी नव्हती. रोटरीने पर्यावरण हे आपलं सातवं कार्यक्षेत्र म्हणून १ जुलै २०२१पासून धरलं. तोवर बुलढाण्यातले पोकलेन आपलं काम करून गेले होते.

भारतीय जैन संघटनेत या दोन्ही आजोळांचं रक्त आहे. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५मध्ये पुण्यात ती सुरू केली, सामुदायिक विवाहांपासून. किल्लारीच्या भूकंपानंतर १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली, २०१३च्या दुष्काळात बीडमध्ये तलाव उपसले. संघटना बुलढाण्यात आली तेव्हा हा अनुभव हाताशी होता. कार्यकर्त्यांचं काम आता फावडं मारण्याचं राहिलं नव्हतं. कुठल्या गावात मशीन आज बंद आहे, डिझेल कुठे अडकलं, कुठल्या तलावावर ट्रॅक्टरच आले नाहीत, याचा दिवसाचा हिशेब ठेवणं हीच सेवा झाली होती. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. त्यात एक खोटही दिसते. उपसलेला गाळ घनमीटरात मोजता येतो, म्हणून अहवालात तो आधी येतो. डोंगरउतारावरून माती वाहून येणं थांबलं की नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही.

ती दुसरी बाजू त्याच उन्हाळ्यात, त्याच जिल्ह्यात हाताने उभी राहत होती. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत मोताळा तालुक्यातलं सिंदखेड उतरलं होतं. हे जिजाऊंचं सिंदखेड राजा नव्हे, वेगळं गाव. समतल चर, बांधबंदिस्ती, पहाटेचं श्रमदान. या गावाने २०१८मध्ये राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. वरच्या उतारावर माती अडवायची आणि खाली तलावातून काढायची, ही दोन्ही कामं एकाच पाणलोटात एकामागून एक व्हायला हवीत. नुसता तलाव खोल केला तर वरची माती पुन्हा त्यातच येऊन बसते. श्रमदानाला माणसं लागतात, पोकलेनला देणगीदार. देणगीदार मिळणं तुलनेने सोपं, आणि क्लबांचा कल कुठे झुकतो ते त्यावरून कळतं.

शेतकऱ्याच्या वाट्यात आणखी एक अडचण होती, ती सुरुवातीला फारशी बोलली गेली नाही. गाळ फुकट, पण ट्रॉलीचं भाडं, डिझेल आणि रानात पसरण्याचा खर्च मिळून लहान शेतकऱ्याला तो परवडत नव्हता. तलाव गावाचा, पण गाळ ट्रॅक्टरवाल्याच्या शेतात, असं होऊ शकत होतं. जानेवारी २०२३मध्ये योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा वाटणीतला शेतकऱ्याचा वाटा बदलला. अल्प आणि अत्यल्प भूधारक, विधवा शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबं यांना नेलेल्या गाळासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत ३७,५०० रुपये अनुदान ठरलं. बैलगाडीच्या काळी ज्याला गाळ लागायचा तो स्वतः काढून न्यायचा. आता तो नेण्यासाठी त्यालाच पैसे मिळतात.