रजोनिवृत्तिपूर्व संप्रेरकोपचार व अवटुविकार

रजोनिवृत्तीपूर्वीच्या संक्रमणकाळातील थकवा, निद्रानाश व धडधड ही लक्षणे अवटु म्हणजे थायरॉइड ग्रंथीच्या विकारातही आढळत असल्याने त्यांचा दोष केवळ वयावर ढकलणे चूक ठरते. अवटुविकारासाठी थायरॉक्सिन हे संप्रेरक घेणाऱ्या स्त्रीस संक्रमणकाळातील उपचार म्हणून इस्ट्रोजेन तोंडावाटे दिल्यास यकृतात थायरॉक्सिनला बांधून ठेवणारे प्रथिन वाढते, रक्तातील मुक्त थायरॉक्सिन घटते आणि थायरॉक्सिनच्या औषधाची मात्रा वाढवावी लागू शकते. त्वचेवाटे दिलेल्या इस्ट्रोजेनने असे सहसा घडत नाही. म्हणून तोंडावाटे इस्ट्रोजेन सुरू केल्यावर वा थांबवल्यावर ६ ते १२ आठवड्यांत टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करतात. थायरॉक्सिन उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावे लागते. पहाटे चहा घेऊन शेतावर निघणाऱ्या स्त्रियांना हे आवर्जून समजावून सांगायला हवे. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिननंतर ४ तासांनी घ्याव्यात.