स्प्रिंगची सरल हरात्मक गती

स्प्रिंगला टांगलेले किंवा तिच्यावर बसवलेले वजन मूळ जागेवरून हलवून सोडले, की ते त्या जागेच्या दोन्ही बाजूंना सारख्या वेळात ये-जा करत राहते. या गतीला सरल हरात्मक किंवा सरल आवर्त गती म्हणतात. ताणलेली वा दाबलेली स्प्रिंग वजनाला मूळ जागेकडे ओढते आणि ही प्रत्यानयन प्रेरणा विस्थापनाच्या समप्रमाणात असते. रॉबर्ट हुक यांनी हा नियम १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ जागी ओढ शून्य असते, पण वेग तिथेच सर्वाधिक. म्हणून वजन तिथे न थांबता पलीकडे निघून जाते. टोकाला उलट: वेग संपलेला आणि ओढ पुरी.

एका फेरीस लागणारा वेळ म्हणजे आवर्तकाल. वस्तुमानाला स्प्रिंगच्या ताठरतेने भागावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि ६.२८ ने गुणावे. वजन चौपट केले तर आवर्तकाल दुप्पट होतो, ताठरता चौपट केली तर निम्मा. या सूत्रात धक्क्याच्या जोराला जागाच नाही, आणि या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. झोका लहान असो की मोठा, वेळ तेवढाच लागतो. मोठ्या झोक्यात अंतर वाढते तसा वेगही वाढतो. गुरुत्वाकर्षणानेही आवर्तकाल बदलत नाही, फक्त समतोलाची जागा खाली सरकते. ती किती सरकली एवढे मोजले तरी आवर्तकाल काढता येतो: वजनाने स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबली असेल तर सुमारे १ सेकंद, १० सेंटिमीटर दबली असेल तर ०.६३ सेकंद.

हा नियम पोलादात पाहायचा असेल तर अहिल्यानगर (अहमदनगर) हे फार चांगले ठिकाण आहे. इथल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये रणगाडा संग्रहालय उभारले. बहुतेक लोक तोफा पाहतात. पाहावे ते वाकून, चाकांच्या मागे. रोल्स-रॉईस चिलखती मोटारीखाली एकावर एक रचलेले पाटे आहेत. चर्चिल रणगाड्याच्या एका बाजूला ११ लहान चाके आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र स्प्रिंग. सुमारे ५० टनांच्या सेंच्युरियनमध्ये दोन-दोन चाकांच्या जोड्या असून त्यांच्या स्प्रिंगा आडव्या बसवल्या आहेत. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमधून लढले आणि कामी आले, तो ‘फामागुस्ता’ रणगाडाही नगरलाच जपून ठेवला आहे. विजयंता आणि पॅटन यांच्या खाली मात्र वेटोळ्याची स्प्रिंग शोधून सापडत नाही. तिथे तळात आडवी पोलादी दांडी, म्हणजे टॉर्शन बार असते; चाक उचलले की दांडीला पीळ बसतो आणि पीळ सुटताना चाक खाली येते. गणित तेच राहते, विस्थापनाच्या जागी पिळाचा कोन येतो.

रणगाड्यात हा प्रश्न केवळ आरामाचा नसतो. पुढचे टोक वर-खाली डोलू लागले की तोफचीची नेम धरलेली रेषा हलते. सेंच्युरियनमध्ये तोफ स्थिर ठेवणारी यंत्रणा बसवावी लागली ती याचसाठी.

जिल्ह्यातल्या उसाच्या हंगामात हाच नियम रस्त्यावर दिसतो. रिकाम्या ट्रकखाली पाटे ४ सेंटिमीटर दबलेले असतील, तर आवर्तकाल ०.४ सेकंद, मोळ्या भरून ते १६ सेंटिमीटर दबले तर ०.८ सेकंद. म्हणून रिकामी गाडी दणके देते आणि भरलेली संथ झुलते. रस्त्यावरचे उंचवटे ठरावीक अंतराने असले आणि ते ओलांडायला लागणारा वेळ गाडीच्या आवर्तकालाशी जुळला, तर झोके वाढत जातात. हे अनुस्पंदन. दर ५ मीटरवर उंचवटा आणि आवर्तकाल ०.८ सेकंद असेल तर तो वेग ताशी साडेबावीस किलोमीटर येतो. अशा वेळी वेग कमी करणे हा एक उपाय, थोडा वाढवणे हा दुसरा. मात्र भरलेल्या गाडीने पहिलाच धरावा.

प्रत्यक्षातली स्प्रिंग सूत्राशी पूर्ण इमान राखत नाही. तिचे स्वतःचे वस्तुमानही हलते, म्हणून त्याचा एक-तृतीयांश भाग वजनात मिळवावा लागतो. स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली तर ती कायमची लांबते किंवा बसते. पाट्यांमध्ये पाते पात्यावर घासते आणि झोक्यातली ऊर्जा उष्णता होऊन जाते. या ऱ्हासाला संदमन म्हणतात. प्रयोगशाळेत ते नकोसे वाटते, वाहनात मात्र मुद्दाम आणावे लागते. शॉकॲब्सॉर्बरमधले तेल अरुंद छिद्रांतून ढकलले जाते ते त्यासाठीच. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची व्हीआरडीई ही वाहन-संशोधन संस्थाही नगरलाच आहे. लष्करी वाहन तपासताना स्प्रिंगची ताठरता आणि संदमन यांचा मेळ पाहावाच लागतो: संदमन कमी पडले तर गाडी डोलत राहते, फार झाले तर प्रत्येक खड्डा थेट सांगाड्यात जातो.

गॅरेजातला मिस्त्री हेच उपकरणांवाचून तपासतो. बॉनेटचा कोपरा जोराने दाबायचा आणि सोडायचा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर शॉकअप शाबूत. दोन-तीन झोके घेतले तर तो बदलायला झाला.