जिंकलेली लढाई पुन्हा का लढायची? ‘मॉर्टल कॉम्बॅट’च्या दुसऱ्या भागाची गोष्ट

मंडळी, व्हिडिओ गेमवरच्या सिनेमांचा इतिहास बघताना आज आपण एका पडलेल्या सिनेमापाशी थांबू. चाललेल्या सिनेमापेक्षा पडलेला सिनेमा कधी कधी जास्त शिकवून जातो.

1992 साली अमेरिकेतल्या मिडवे कंपनीचा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा गेम आला. एड बून आणि जॉन टोबायस हे त्याचे कर्ते. खऱ्या माणसांच्या हालचाली टिपून त्यातले योद्धे घडवले होते आणि रक्तपात तर इतका, की 1993 च्या डिसेंबरात सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली. पुढच्याच वर्षी गेमवर वयोगटाचा शिक्का मारणारी व्यवस्था आली.

1995 च्या पहिल्या सिनेमाची गोष्ट साधी होती: एक बेट, एक स्पर्धा, हरलात तर पृथ्वी गेली. ब्रूस लीच्या 1973 च्या ‘एंटर द ड्रॅगन’पासून हा साचा आपल्या ओळखीचा. सिनेमाने जगभरात सुमारे 12 कोटी डॉलर मिळवले.

मग नोव्हेंबर 1997 मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट: ॲनायलेशन’ आला. पहिल्या भागाचे छायालेखक जॉन लिओनेटी आता दिग्दर्शक होते. रॉबिन शू आणि तालिसा सोटो परतले. रेडन मात्र क्रिस्टोफर लँबर्टऐवजी जेम्स रेमार झाला.

आता खरी गोम बघा. पृथ्वीने स्पर्धा जिंकलेली असते, तरी शाओ कान नियम धाब्यावर बसवून चाल करून येतो. प्रेक्षक मनात म्हणतो, मग आधीची लढाई कशासाठी? जिंकण्याला अर्थ उरला नाही, की पुढच्या मारामारीतही जीव राहत नाही.

दुसरं, गेममध्ये पात्रं वाढली की खेळणाऱ्याला निवड मिळते. सिनेमात निवड आपल्या हाती नसते. तिथे पात्रं येतात, लढतात, निघून जातात. आपली त्यांच्याशी ओळखच होत नाही.

सुमारे 3 कोटी डॉलर खर्चून कमाई झाली 5 कोटींच्या आसपास, म्हणजे पहिल्याच्या निम्मीही नाही. तिसरा भाग बारगळला. पुढचा सिनेमा यायला 2021 उजाडलं, आणि गंमत म्हणजे त्यातही प्रत्यक्ष स्पर्धा होतच नाही!

तेव्हा आपण एवढं लक्षात ठेवू: गेममधून पात्रं उचलणं सोपं असतं. त्यातला नियम उचलणं अवघड, आणि गोष्ट तर त्या नियमावरच उभी असते.