अडथळा नेमका कुठे?

घोरणारा माणूस सुखाने झोपला आहे, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीने तिला धक्का दिला. तपासलेल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना दिवसाच्या पेंगेसह स्लीप अ‍ॅप्निया होता. यात झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासमार्ग मिटतो, प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून जागा होतो. हे रात्रभर चालते.

उपचारांचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: मार्ग मिटतो कुठे? १९६९मध्ये जर्मनीत कुलो यांनी गळ्याला छिद्र पाडून तो प्रश्नच टाळला. १९८१मध्ये ऑस्ट्रेलियात सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन सगळा मार्गच उघडा ठेवला. त्याच वर्षी फुजिता यांनी पडजीभ व मऊ टाळूवरची शस्त्रक्रिया मांडली. पण १९९६च्या आढाव्यात तिचे यश जेमतेम ४१ टक्के भरले. अनेकांचा अडथळा जिभेच्या मुळाशी होता.

जागेपणी घसा तपासून हे पुरते कळत नाही, कारण तेव्हा स्नायू तो उघडा धरतात. म्हणून क्रॉफ्ट व प्रिंगल यांनी १९९१मध्ये लंडनहून नवी रीत मांडली: औषधाने झोप आणायची आणि नाकातून दुर्बीण घालायची. २०११मध्ये मऊ टाळू, घशाच्या बाजू, जिभेचे मूळ आणि श्वासनलिकेवरचे झाकण अशा चार जागांची नोंदपद्धत आली. औषधाची झोप नैसर्गिक झोपेसारखी हुबेहूब नसते, ही मर्यादा उरतेच. तरीही सुरी उचलण्याआधी जागा पाहावी, हा धडा त्या उरलेल्या एकोणसाठ टक्क्यांनी दिला आहे.