खांब ठरवतो कपडा



मल्लखांबावर लिहायचं खूप दिवसांपासून मनात होतं. निमित्त मिळालं ते माझ्या भाचीच्या मुलीमुळे. ती टोरांटोला शिकते आणि तिथे पोल डान्सच्या क्लासला जाते. मध्यंतरी तिने घरच्या व्हॉट्सॲप गटावर आपला एक व्हिडिओ टाकला. उभ्या पोलादी खांबावर ती उलटी लटकली आहे, दोन्ही हात सोडलेले, सगळा भार नुसत्या मांड्यांच्या पकडीवर! पण गटावर पहिलं वाक्य आलं ते तिच्या कपड्यांबद्दल. दुसरंही आणि तिसरंही. एवढीशी चड्डी, एवढासा ब्लाउज, आपल्या घरात हे काय चाललंय, वगैरे वगैरे. पोरीने व्हिडिओ काढून टाकला आणि मला वेगळा निरोप पाठवला, "मावशीआजी, लांब पँट घातली की मी घसरते गं. यांना कसं समजावू?"

आता तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यावर समजावण्याचं काम आपल्याकडे आलं तर नाही म्हणता येत नाही. म्हणून हा लेख. गटावरची सगळी मंडळी इथे येऊन वाचतात हे मला ठाऊक आहे!

सुरुवात जरा लांबून करते. आमच्या कॅम्प पाचला लागूनच अंबरनाथ, आणि तिथलं वालधुनीकाठचं शिवमंदिर तुम्ही पाहिलं असेलच. त्यावरचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. हे मंदिर झाल्यावर साधारण सत्तर वर्षांनी, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या व्यायामाचं वर्णन आलं आणि त्यात मल्लस्तंभही आला. सोमेश्वराची राजधानी कल्याण; पण आपलं जंक्शनचं कल्याण नव्हे हं, ते कर्नाटकातलं आजचं बसवकल्याण.

मल्लांना खांब कशाला हवा? तर खांब हा न थकणारा, न चिडणारा जोडीदार. त्याला मिठी मारा, पायांनी आवळा, त्याच्या मानेला कवळ घाला, तो तक्रार करत नाही. पैलवान एरवी लंगोटावर असे, तसाच तो खांबाशीही झटे. मल्लखांबाचा पोशाख असा कुस्तीच्या आखाड्यातून आला.

पुढे बराच काळ ही विद्या मागे पडलेली दिसते. तिला पुन्हा उभं केलं ते बाळंभटदादा देवधरांनी, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात. बाजीराव १७९६ ला पेशवा झाला आणि १८१८ ला त्याचं राज्य गेलं, त्या दरम्यानची ही गोष्ट. आख्यायिका अशी सांगतात की हैदराबादेहून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कुणी पुढे येईना. तरुण बाळंभटांनी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन उपासना केली आणि तिथे त्यांना लाकडी खांबावरच्या या कसरती सुचल्या. परत येऊन त्यांनी अलीला चीत केलं आणि गुलाब लढलाच नाही. दृष्टांताचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पण मल्लखांबाची गुरुपरंपरा बाळंभटदादांपासून मोजतात, हे मात्र नक्की.

पेशवाई बुडाल्यावर बाजीराव ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला गेला आणि ही विद्याही उत्तरेत पोचली. तिथेच लहानग्या मनूने, म्हणजे पुढे झाशीच्या राणी झालेल्या लक्ष्मीबाईंनी, नानासाहेबांबरोबर मल्लखांबाचे धडे घेतले असं परंपरा सांगते. शाळेत हा पाठ शिकवताना मुलांना घोडा आणि तलवार लगेच आठवायची. खांब कुणालाच आठवायचा नाही!

नंतरची नावं भराभर सांगते. वडोद्याला जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव. मुसलमान उस्ताद आणि हिंदू शिष्य, आणि व्यायाममंदिराला नाव उस्तादांचं, हे मला नेहमी भावतं. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. मुंबईत दादरला १९२५ पासूनचं श्री समर्थ व्यायाम मंदिर. तिथले उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८१ मध्ये भारतीय मल्लखांब महासंघ निघाला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. पंधरा देशांचे खेळाडू आले होते.

हा झाला इतिहास. आता कपड्यांकडे वळू.

मल्लखांबाचा पुरलेला खांब सागवानी किंवा शिसवी असतो. जमिनीवर उंची सुमारे २.६ मीटर, तळाशी घेर साधारण ५५ सेंटिमीटर, आणि निमुळता होत होत वर ३५ च्या आसपास. सगळ्यात वर बोंड, त्याखाली मान, त्याखाली अंग. आता हाताने अंदाज घ्या. ५५ सेंटिमीटरचा घेर कुणाच्या मुठीत मावेल? म्हणून मल्लखांबात पकड मांड्यांची, पोटऱ्यांची, काखेची. उलटं होऊन दोन्ही मांड्यांत खांब आवळून धरला की झाली अढी, आणि काखेत खांब दाबून केली ती बगली. ज्या अंगाने धरायचं ते अंग उघडं हवं. कापड आलं की ते खांबावरून सरकतं आणि त्याबरोबर माणूसही सरकतो.

मग एरंडेल कशाला? ऐकायला उलटं वाटतं. पकडायचंही आहे आणि तेलही लावायचं! पण कोरड्या लाकडावर उघडी कातडी घासली की ती सोलवटते. एरंडेल दाट आणि चिकट. खांबाला ते थोडंसंच लावून चोळून जिरवलं की कातडी भाजत नाही आणि धरही राहतो. खोबरेल असतं तर माणूस सरळ खाली आला असता. लंगोट किंवा घट्ट चड्डीचं कारणही असंच. नाजूक भागाला आधार मिळतो आणि अडकायला काही लोंबत नाही. यात लाज सोडण्याचा प्रश्न कुठे आला?

आता भाचीच्या मुलीचा खांब बघा. स्पर्धेचा पोल ४५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे घेर जेमतेम १४ सेंटिमीटर. तो मुठीत येतो, म्हणून तिथे हातांवर काम जास्त आणि हाताला खडूसारखी पूड लावतात. पण हात सोडायचे झाले की पुन्हा मांडी, गुडघ्याची खोबण, काख आणि कंबरच लागते. पोलाद गुळगुळीत असल्याने कापड तर मुळीच चालत नाही. तिने व्हिडिओत घेतलेली ती पकड पाहून आपल्याकडचा कुठलाही वस्ताद म्हणेल, "अढी बरी आहे पोरीची."

तिसरा खांब चिनी सर्कशीतला. तो रबराने मढवलेला असतो. रबर उघड्या कातडीला भाजून काढतं, म्हणून ते कसरतपटू अंगभर कपडे आणि पायात बूट घालून चढतात. तेव्हा मंडळी, लाकूड म्हणालं तेल आणि लंगोट. पोलाद म्हणालं पूड आणि तोकडी चड्डी. रबर म्हणालं पूर्ण बाह्या आणि बूट. खांब ठरवतो, कपडा ऐकतो!

पोल डान्सचा एक धागा रात्रीच्या क्लबांतून आला आहे, हे मी नाकारत नाही. नाचाची अंगं त्यात आहेत आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर ती सावली अजून आहे. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत व्यायाम म्हणून त्याचे वर्ग जगभर निघाले आणि २०१७ मध्ये क्रीडासंघटनांच्या जागतिक मंडळाने पोल स्पोर्ट्सच्या संघटनेला निरीक्षकाचा दर्जा दिला.

आता जरा मनातलं बोलते. आमच्या लहानपणी शाळेच्या पटांगणात खांब होता. मुलं चढत आणि आम्ही मुली कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवत असू. आम्ही चढायचं तर काय घालून, या प्रश्नापाशीच सगळं थांबायचं. पुढे मुलींना मल्लखांब मिळाला तो मुख्यतः दोरीचा. मूळचा तो वेताचा. चांगला वेत मिळेनासा झाला तशी सुती दोरी आली. दोरीवर पहिली पकड असते ती पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये. बाकी दोरी अंगाभोवती गुंडाळली जाते आणि तिथे अंगावर कापड असलेलं उलट बरंच, कातडीवर वळ उठत नाहीत. माझं आपलं मत असं की मुलींच्या वाट्याला दोरी येण्यात या सोयीचा मोठा भाग असावा. दोरी अंगभर कपड्यात जमते, खांब जमत नाही. दोरी कमी अवघड आहे असं मात्र समजू नका. दोरीवर घेतलेली आसनं पाहिली की डोळे फिरतात. आज मुली दोरीबरोबर पुरलेल्या खांबावरही चढतात, जिम्नॅस्टिक्सच्या मुलींसारखा अंगासरशी पोशाख घालून. मुंबईच्या हिमानी परब हिला २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, मल्लखांबाला पहिल्यांदाच. तो एका मुलीला मिळाला हे वाचून त्या दिवशी मी शिरा केला होता.

बरं, आता भाचीच्या मुलीसाठी आणि आपल्यापैकी ज्यांची मुलंबाळं खांबावर चढतात त्या सगळ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी.

कपडा अंगासरशी आणि ताणणारा हवा. आमच्या कॅम्प पाचने देशभरासाठी जीन्स शिवल्या, पण जीन्सचं जाड कापड या कामाला शून्य. मशीनची साधी सरळ शिलाईही उपयोगाची नाही, कारण कापड ताणलं की तिचा दोरा तटकन तुटतो. ओव्हरलॉकची शिवण घ्यावी. हुक, चेन, बटणं नकोत. मांडी, गुडघ्याची मागची बाजू आणि काख मोकळी राहील असा बेत असावा. येता-जाता वरून लांब पँट घालावी आणि खांबाशी गेल्यावर काढून ठेवावी. दादरच्या मुलीही तेच करतात आणि टोरांटोच्याही.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, साखळी, सगळं उतरवावं. खांबालाही चरे पडतात आणि आपल्यालाही. नखं कापलेली आणि केस घट्ट बांधलेले असावेत.

एरंडेल फक्त लाकडाला! पोलादी खांबाला त्याचा थेंबही लागू देऊ नये. पोलवर जायच्या दिवशी अंगाला तेल, लोशन, मलई काहीच लावू नये आणि खांब स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यावा. थंडीत पोलाद गार पडतं आणि गार खांबावर कातडी धरत नाही. तेव्हा आधी स्वतः गरम व्हावं आणि हातांनी चोळून खांबालाही ऊब द्यावी. फिरता पोल असेल तर तो फिरता आहे की अडकवलेला, हे हलवून पाहिल्याशिवाय चढू नये.

आधी उतरायला शिकावं, मग चढायला. अढी पक्की बसल्याशिवाय हात सोडू नयेत. प्रत्येक प्रकार उजवीकडून केला तितकाच डावीकडूनही करावा, नाहीतर अंग एका बाजूला वाढतं. आखाड्यात खाली भुसभुशीत माती असे, आता गादी हवी, आणि शेजारी शिकवणारं माणूस हवं. सुरुवातीला मांड्यांना काळंनिळं होतं, ते जातं. सांधा दुखला तर मात्र त्या दिवसापुरतं थांबावं.

एवढं सगळं लिहिलं ते गटावरच्या त्या तीन वाक्यांना उत्तर म्हणून. रागावून नाही हं, पण स्पष्ट सांगते. आपल्याच घरातले मुलगे गणेशोत्सवात लंगोटावर मल्लखांब करून दाखवतात तेव्हा आपण पुढच्या रांगेत बसून आपली परंपरा म्हणून मान डोलावतो. तीच अढी मुलीने घातली की आपल्याला आधी कपडा दिसतो. अढी बघायला शिकलं पाहिजे. पोरीला मी कळवलं आहे की व्हिडिओ परत टाक.

आणि एक विनंती. बाळंभटदादांपासून गुरूंची आणि शिष्यांची नावं आपल्याकडे नीट जपलेली आहेत. पण पन्नास-साठ सालच्या सुमारास वेतावर, दोरीवर चढलेल्या मुलींची नावं फारशी कुठे लिहिलेली दिसत नाहीत. तुमच्या घरात अशी कुणी आत्या, मावशी, आजी असेल तर तिच्याजवळ बसा. कुठल्या गावी, कुणी शिकवलं, काय घालून चढायची, घरचे काय म्हणाले, ते विचारा आणि लिहून ठेवा. मला पाठवलंत तर इथे जरूर देईन. या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा दिवाळीची वाट बघू नका.